जाणती दया

भूतदया हा शब्द आपल्या घरांतून इतका सहज वावरतो की त्याचा अर्थ विचारावा असे कोणास वाटत नाही. कावळ्याला घास, गायीला पहिली पोळी, वारुळाशी चिमूटभर साखर, वैशाखात गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याचे परळ. हे करावे असे कोणी मुद्दाम शिकवीत नाही, पाहून पाहून हाताला वळण लागते. या दयेला फारशी विद्या लागत नाही, कारण घेणाऱ्याची गरज देणाऱ्याच्या गरजेसारखीच असते. चिमणीची तहान आपल्या तहानेसारखी. ती परळाशी येते, चोच बुडविते, मान वर करून घोट गिळते, आणि पाहणाऱ्याचा जीव निवतो. गायीची भूक तर तिच्या डोळ्यांतच दिसते.

परंतु ज्या प्राण्याची तहान, भूक, भीती आणि वेदना यांतील काहीच आपल्यासारखे दिसत नाही, त्याच्यावर दया करावयाची ती कशी? आपण शुद्ध मनाने जे दिले ते त्याच्या लेखी देणे नव्हतेच, उलट छळ होता, असे मागाहून कळून आले, तर त्या शुद्ध मनाचे मोल काय ठरवावयाचे? या प्रश्नाचा विचार आज वाचकांसमवेत करावा अशी आमची इच्छा आहे.

प्रश्न आम्हांस ग्रंथांतून सुचलेला नाही. येथे वडोदऱ्यात आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात गेल्या वर्षी एक सरडा आला. आपण कुंपणावर मान हलविणाऱ्या ज्या प्राण्यास सरडा म्हणतो तो हा नव्हे. हा शॅमेलिऑन, येमेन देशाच्या आणि सौदी अरबस्तानाच्या नैर्ऋत्य भागातील डोंगरांत राहणाऱ्या जातीचा. डोक्यावर उंच तुरा, बुरुजासारखे बाहेर आलेले आणि एकमेकांपासून स्वतंत्र फिरणारे डोळे, फांदीला चिमट्याप्रमाणे धरणारे पाय आणि गुंडाळी होणारी शेपूट. पकडून न आणता पिंजऱ्यातच पैदास करून हे प्राणी जगभर विकले जातात. घरातील दहा वर्षांच्या नातीला वाढदिवसाची भेट म्हणून एका नातलगाने तो दिला. तुरा मुकुटासारखा दिसतो म्हणून तिने त्याचे नाव राजा ठेवले. विकणाऱ्याने सांगितले होते की याला काही लागत नाही. एक काचेची पेटी, पाण्याची वाटी आणि दिवसाला दोनचार किडे एवढ्यावर तो मजेत राहतो. असे सांगणारी माणसे सर्व व्यापारांत असतात. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

आठव्या दिवशी राजाचा हिरवा रंग काळपट झाला. भर दुपारी तो डोळे मिटून बसू लागला. किड्यांकडे बघेना. घरातील माणसे कनवाळू. प्रत्येकाने आपापल्या परीने उपाय केला. आजीबाईंनी पाण्याची साधी वाटी काढून चांदीची ठेवली आणि त्यात रोज ताजे पाणी भरले. नातीने त्याला एकटे वाटू नये म्हणून दिवसातून दहा वेळा हातावर घेऊन कुरवाळले. तिच्या वडिलांनी त्याला ऊन मिळावे म्हणून काचेची पेटी बंद खिडकीशी नेऊन ठेवली. कोणाच्याही मनात मायेखेरीज काही नव्हते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता या मायेचे त्या जिवाला काय झाले ते पाहू. शॅमेलिऑनला साचलेले पाणी बहुधा ओळखूच येत नाही. ज्या झाडांवर तो जन्म काढतो तेथे वाटी नसते, तळे नसते. पहाटेचे दंव आणि पावसाचे थेंब पानांवर चकाकतात आणि तो ते जिभेने टिपतो. हलणारा, चमकणारा थेंब म्हणजे त्याचे पाणी. भरलेल्या चांदीच्या वाटीशेजारी बसून तो आठ दिवस तहानेला होता. माणसाचा हात त्याला आधार वाटत नाही. वरून येऊन पकडणारी वस्तू म्हणजे ससाणा किंवा साप, एवढेच त्याच्या जातीला ठाऊक आहे. दिवसातून दहा वेळा कुरवाळणे म्हणजे दहा वेळा मरणाचा धाक. चारही बाजूंनी बंद काचेत हवा कोंडते, शिवाय काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटून तो झुरतो. राहिले ऊन. खिडकीच्या काचेतून प्रकाश येतो, ऊब येते, पण ज्या अतिनील किरणांनी त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते ते किरण काच अडविते. ते जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा सुजतो, आणि अखेरीस फांदी धरण्याचे बळ जाते. म्हणजे पाणी दिले ते पाणी नव्हते, प्रेम दिले ते भय होते, आणि ऊन दिले ते नुसते उजेडाचे चित्र होते.

एकनाथमहाराजांची कथा आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? रामेश्वराला नेण्यासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. या कथेचे कीर्तनकार जे विवरण करतात ते भूतमात्री भगवंत पाहण्याचे, आणि ते यथार्थच आहे. पण कथेतील एका लहान गोष्टीकडे आमचे लक्ष या प्रसंगामुळे प्रथमच गेले. गाढवाची तहान नाथांना दिसली. ती दिसण्याजोगी होती. त्या वाळवंटात गाढवाऐवजी हा येमेनी सरडा असता, आणि नाथांनी ती पवित्र कावड त्याच्यापुढे ठेवली असती, तर तो कावडीशेजारी प्राण सोडता. त्याच्यासाठी नाथांना एखादी डहाळी शोधून तिच्यावर थेंब थेंब शिंपावे लागले असते. हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. नाथांची करुणा पूर्ण होती ती त्यांनी कावड दिली म्हणून, तशीच ती तहानेल्या मुखापर्यंत पोचवली म्हणून. दुसरा भाग सोपा होता म्हणून आपण त्याची गणती करीत नाही.

सरड्याचे दुःख दिसत नाही, याचे एक कारण त्याच्यातच आहे. जो प्राणी दुसऱ्यांचे भक्ष्य आहे त्याने दुबळेपणा उघड केला तर तो पहिला उचलला जातो. म्हणून तो आजार लपवितो, आणि अगदी नाइलाज झाल्यावरच तो दिसू देतो. पाळणाऱ्याला 'कालपर्यंत बरा होता' असे वाटते, तेव्हा बहुधा दुखणे कित्येक आठवड्यांचे असते. दुसरे कारण मात्र आपल्यात आहे. आपण त्याच्याकडे पाहतो ते आपल्या म्हणी डोळ्यांवर चढवून. सरड्यासारखे रंग बदलणे म्हणजे आपल्या भाषेत लबाडी. वास्तविक त्याचा रंग हे त्याचे कवच नव्हे, की मुखवटाही नव्हे. थंडी वाजली, भीती वाटली, प्रतिस्पर्धी दिसला, मादी दिसली, अंगात रोग शिरला, की रंग पालटतो. पाठीमागच्या वस्तूचा रंग तो उचलतो ही समजूत चुकीची आहे. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी मादागास्करातील एका जातीवर केलेल्या अभ्यासातून दाखविले की त्याच्या त्वचेतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते, आणि त्या स्फटिकांमधील अंतर कमीजास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो. लबाडीचे प्रतीक म्हणून आपण ज्याला शतकानुशतके नावे ठेविली, तो बिचारा आपले मन कातडीवर उघडे घेऊन हिंडतो. वाचणारा भेटत नाही, एवढेच.

वाचणे अशक्य नाही. दिवसा मिटलेले डोळे हे या जातीत नेहमीच काळजीचे लक्षण. झोप रात्रीची, आणि तेव्हा रंग फिका पडतो. डोळ्यांची बुबुळे आत ओढलेली दिसली तर अंगातील पाणी घटले आहे. विष्ठेबरोबर जो पांढरा भाग पडतो तो पिवळा वा नारिंगी झाला तरी तेच. तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला तर एक तर उष्णता फार झाली आहे, नाही तर छातीत विकार आहे. फांदी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी पडून राहिला तर वेळ दवडू नये. मादी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: नराशी संबंध न येताही ती अंडी धरते, आणि ती घालावयास ओलसर वाळू-मातीचे भांडे मिळाले नाही तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. वजन करण्याचा लहान काटा घरात असावा. आठवड्याला एकदा केलेली नोंद डोळ्यांपेक्षा खरे बोलते.

येथे आमचे एक स्नेही म्हणतील, आणि एकाने म्हटलेही, की हे सर्व ठीक, पण त्या कुटुंबाला हे ठाऊक नव्हते. अजाणता घडले त्याचा दोष कसला? त्यांना आम्ही भागवताच्या दशम स्कंधातील नृग राजाचे स्मरण दिले. नृगाएवढा गोदानी दुसरा नव्हता. पण एका ब्राह्मणाला दिलेली गाय चुकून पुन्हा राजाच्या कळपात आली आणि राजाने नकळत ती दुसऱ्याला दान केली. दोघे भांडत आले. राजाने त्या एका गायीबद्दल लक्ष गायी देऊ केल्या. दोघेही न घेता निघून गेले. आणि मरणानंतर त्या दानशूर राजाला जन्म कोणता आला? सरड्याचा. कोरड्या विहिरीत पडलेला प्रचंड सरडा. पुढची गोष्ट त्याहून विचार करण्यासारखी. खेळून तहानलेली यादवांची मुले पाणी शोधीत त्या विहिरीशी आली, त्यांना सरड्याची दया आली, आणि कातड्याचे पट्टे व दोर बांधून त्यांनी त्याला वर ओढण्याचा यत्न केला. तो हलला नाही. तेव्हा त्यांनी जाऊन श्रीकृष्णाला सांगितले, आणि त्याने एका हाताने त्याला वर काढले.

कथेचा मुख्य उपदेश ब्रह्मस्वाविषयी आहे हे आम्ही जाणतो. तरी नकळत घडलेल्याचाही हिशेब द्यावा लागतो, हे तीत स्वच्छ आहे. आमच्या स्मृतिकारांनीही अजाणता घडलेल्या दोषाला प्रायश्चित्त सांगितलेच आहे. जाणून केलेल्याला अधिक कडक, इतकाच भेद. आम्हांस स्वतःला त्या मुलांचे वर्तन फार आवडते. दोर चालला नाही हे पाहिल्यावर ती आणखी जोराने ओढीत बसली नाहीत. ज्याला उपाय ठाऊक होता त्याच्याकडे गेली. पहिल्या दिवशीचे अज्ञान क्षम्य आहे. आठव्या दिवशी, मिटलेले डोळे दिसल्यानंतर, न विचारणे हे अज्ञान राहत नाही. ती आपली निवड होते.

त्या कुटुंबाने विचारले. कुत्री-मांजरे व गुरे तपासणारे पशुवैद्य गावोगाव आहेत; सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास केलेले थोडे, म्हणून दोन ठिकाणी फिरावे लागले. विष्ठा तपासली तेव्हा पोटात जंत निघाले. पाणी घटलेले होते, आणि हाडांच्या विकाराला नुकता आरंभ झाला होता. काचेची पेटी गेली. चारही बाजूंनी जाळी असलेला उंच पिंजरा आला, त्यात आडव्यातिडव्या फांद्या, मनीप्लँट आणि जास्वंदीचे रोप. वरच्या फांदीवर उबेचा दिवा, तेथे सुमारे तीस अंश सेल्सिअस, खाली गारवा, आणि रात्री दोन्ही दिवे बंद. अतिनील किरणांचा निराळा दिवा. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याची बारीक फवारणी, आणि भोक पाडलेल्या भांड्यातून दिवसा थेंब थेंब गळती. सर्वांत कठीण औषध मात्र फुकटचे होते. वैद्यांनी सांगितले की त्याला हात लावू नका, वरचेवर समोर उभे राहू नका, पिंजऱ्याच्या दोन बाजूंना कापड लावा आणि दूर बसून पाहा.

नात रडली. "मी हात लावायचा नाही, तो माझ्याकडे येणार नाही, मला ओळखणारसुद्धा नाही. मग तो माझा कसा गं, आजी?" आजीबाईंनी तिला जवळ घेतले व म्हणाल्या, "बाळ, तो तुझा नाहीच. तू त्याची आहेस." आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, पण निष्काम हा शब्द इतक्या लवकर समजावून दिलेला ऐकला नाही. कुत्रा शेपूट हलवितो, पोपट नाव घेतो, आणि आपण त्यांच्यासाठी जे करतो त्याचे मोल तेथल्या तेथे मिळते. हा प्राणी काहीही परत देत नाही. माणूस समोर नसणे हेच त्याचे सुख. असल्या जिवासाठी दोन वेळा पाणी शिंपून मागे सरणे ज्याला जमले, त्याला पुढे घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या खोलीतही केव्हा बोलावे व केव्हा दार हलकेच लोटून घ्यावे हे समजेल, असे आम्हांस वाटते.

त्याच आजीबाईंना पुढे खरा पेच पडला तो आहाराचा. घर शाकाहारी. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या पडवीत डब्यातून जिवंत रातकिडे पाळावयाचे, त्यांना भाजीची पाने खाऊ घालावयाची, आणि मग कॅल्शियमची पूड लावून सरड्यापुढे सोडावयाचे! एक जीव वाचविण्यासाठी रोज पाच मारावे, यात पुण्य कसले, असे त्या म्हणाल्या. त्यांचा आक्षेप हलका नाही. काही दिवस त्यांनी जास्वंदीची पाने आणि फळांचे तुकडे देऊन पाहिले. ही जात पाने थोडीफार खातेही, पण तेवढ्यावर जगत नाही. आमचे मत असे की जीव जिवावर जगतो ही व्यवस्था आपण केलेली नाही, पण सरड्याला झाडावरून काढून पडवीत आणण्याची व्यवस्था माणसानेच केली आहे. झाडावर असता तर त्याच्या शिकारीचे ओझे कोणाच्या शिरावर नव्हते. ज्याने त्याला घरात घेतले त्याने त्याचा आहारही आपल्या नावावर घेतला. त्याला उपाशी ठेवून आपले हात स्वच्छ राहत नाहीत. किड्यांऐवजी त्याचा जीव जातो इतकेच. ज्यांना हे ओझे सहन होणार नाही त्यांनी असा प्राणी आणूच नये, आणि हा विचार आणण्यापूर्वी करावयाचा असतो. आजीबाईंचे याने समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी पडवीतले डबे मागल्या दारी हलविले, आणि रातकिड्यांना पाने घालण्याचे काम आपल्याकडे घेतले. खाल्ले जाण्यापूर्वी तरी पोटभर खावे, असे त्या म्हणतात.

शेजाऱ्यांनी सुचविले होते की एवढा खटाटोप कशाला, देवळाच्या बागेत सोडून द्या, मोकळा होईल. सोडणे या शब्दाला आपल्याकडे पुण्याचा वास आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो. परदेशी प्राणी येथील बागेत सोडणे म्हणजे त्याला कावळ्यांच्या व मांजरांच्या स्वाधीन करणे. आणि तो जगलाच तर येथील किड्यांना व लहान प्राण्यांना नवा शत्रू देणे. हीच येमेनी जात पाळणाऱ्यांकडून सुटून अमेरिकेतील फ्लोरिडात आणि हवाई बेटांत पसरली आहे. आपल्या रानांतला घोयरा सरडा, ज्याला गुजरातीत काचिंडा म्हणतात, त्याची गोष्ट उलट आहे. तो येथलाच, विषारी मुळीच नाही, आणि तरी विषाच्या खोट्या भीतीने लोक त्याला दगडांनी ठेचतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला पकडणे व पाळणे गुन्हा आहे. घायाळ सापडला तर वनखात्यास कळवावे. परदेशी जातींचीही नोंद २०२४ च्या नियमांनुसार शासनाकडे करावी लागते. त्या कुटुंबाने ती केली.

आता शेवटची हकीकत. राजा किडे टिपू लागल्याचे ऐकून तोच विक्रेता दुसरा सरडा स्वस्तात देण्यास आला. म्हणाला, याला सोबत होईल. ही जात एकटी राहणारी आहे, दुसरा नुसता दृष्टीस पडला तरी दोघेही खंगतात, हे एव्हाना नातीला पाठ झाले होते. तिनेच दारातून त्याला परत पाठविले. त्या पैशांतून अतिनील किरणांचा नवा दिवा आणून ठेवला आहे. हा दिवा डोळ्यांना लख्ख जळताना दिसतो, पण सहा महिने ते वर्षभरात त्यातले कामाचे किरण संपत येतात आणि बघणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून जुना केव्हा बदलावयाचा ती तारीख मुलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, आजीच्या एकादशीच्या खुणेशेजारी, हिरव्या शाईने लिहून ठेविली आहे.